आपल्या हजार फुटाच्या प्लॉटसाठी नियम कुठे आहे?

मित्रहो, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आपल्या डोक्यावरच्या छताचा आहे.

"ग्रीन बिल्डिंग" म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात. पुण्या-मुंबईच्या काचेच्या टॉवरवर लावायची पाटी, एवढाच त्याचा अर्थ राहिलाय. नंदुरबारच्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, "भाऊ, मे महिन्यात वरच्या खोलीत पाय ठेवता येत नाही, कूलरमध्ये टाकायला पाणी नाही, आणि तुम्ही ग्रीन बिल्डिंगच्या गोष्टी सांगताय?" माझं म्हणणं असं आहे की ग्रीन बिल्डिंगचा नियम खरं तर याच माणसासाठी हवा होता. तो त्याच्यापर्यंत आला नाही, आणि का आला नाही त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगतो.

सुरुवात नियम नव्हते तेव्हापासून करू. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना आपल्या गावातून गेला. इथले लोक कारागिरीत हुशार आहेत असं त्याने लिहून ठेवलंय. त्या कारागिरांची परंपरा आपल्या जुन्या घरांत अगदी परवापर्यंत दिसत होती. खान्देशातलं धाब्याचं घर आठवा. लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काटक्या, त्यावर पालापाचोळा आणि वर मातीचा जाड थर. भिंती हात-दीड हात रुंद. दुपारी दोनला रस्त्यावर पाय भाजत असताना आत गेलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि अंगाला गारवा लागतो. उलट धडगाव-अक्कलकुव्याकडे पाऊस जास्त आणि डोंगराचा उतार, म्हणून तिथे पावरा-भिल्लांचं घर वेगळं: बांबूचा कुड, वरून शेणमातीचा लेप, उतरतं कौलारू छप्पर, आणि घरं एकमेकांना चिकटलेली नाहीत, ज्याच्या त्याच्या शेतात. एकाच जिल्ह्यात दोन हवामानं आणि दोन प्रकारची घरं. कोणत्या इंजिनिअरने नकाशा दिला नव्हता.

मी याचं कौतुक करतोय, पण त्याची पूजा करत नाही. धाब्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी माती टाकावी लागे. जास्त पाऊस झाला की गळती, उंदीर-घुशी, कधी भिंत खचायची. सारवण्याचं सगळं काम बायकांच्या वाट्याला. शिवाय सागाचं लाकूड महाग झालं, मिळेनासं झालं. लोकांनी स्लॅब घातला तो फॅशन म्हणून नाही, या कटकटीतून सुटका म्हणून. त्यामुळे "जुनं ते सोनं" म्हणून कुणालाही मातीच्या घरात परत पाठवायचं नाही. मुद्दा एवढाच की स्लॅब घेताना आपण जाड भिंत, खोल ओटा आणि सावली तिघांनाही निरोप दिला आणि त्यांच्या जागी काय ठेवायचं ते कुणी सांगितलं नाही. ते सांगणं हे नियमाचं काम होतं.

आता नियमांकडे येऊ.

आपल्या प्रांतात घर कसं बांधावं याचा कडक नियम आला तो प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी पहिला रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत मुंबई रिकामी होऊ लागली. प्लेगचं खरं कारण उंदीर आणि पिसवा, ते तेव्हा पक्कं ठाऊक नव्हतं. पण कोंदट, अंधाऱ्या चाळींत माणसं जास्त मरतात हे दिसत होतं. १८९८ साली कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यातून "साडेत्रेसष्ट अंशांचा" नियम रुजला. साध्या भाषेत सांगायचं तर समोर जेवढी मोकळी जागा असेल, साधारण तिच्या दुप्पट उंचीपर्यंतच इमारत चढवायची, म्हणजे खालच्या खोलीतूनही आभाळ दिसेल. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये घरातल्या उजेड आणि हवेवर जाहीर व्याख्यानं दिली होती. आज आपण ज्याला साइड मार्जिन म्हणतो आणि जे सोडायला जीवावर येतं, त्यामागे हा सगळा मृत्यूचा इतिहास आहे.

म्हणजे आपला पहिला "ग्रीन" नियम १२५ वर्षांपूर्वीचा. त्याला तेव्हा हवा-उजेड म्हणत, एवढाच फरक.

पण तो मुंबईचा होता. आपल्यासारख्या गावांसाठी १९०१ चा डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल कायदा होता. बांधकामाआधी नगरपालिकेला नोटीस द्या, एवढी शिस्त त्यातून आली. १९१५ साली मुंबई प्रांताने नगररचनेचा कायदा केला, देशातला असा पहिला. १९५४ च्या कायद्याने शहरांना विकास आराखडा करणं बंधनकारक झालं. मग १९६५ चा नगर परिषद अधिनियम आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, ज्यावर आजही सगळा कारभार चालतो. या सगळ्या कायद्यांत रस्ता किती रुंद, मार्जिन किती, मजले किती हे आहे. छतातून किती ऊन आत यावं याबद्दल अवाक्षर नाही. तेव्हाच्या माणसाला ते लिहायची गरजही नव्हती, कारण छत मातीचं किंवा कौलाचंच असायचं.

संकट आल्याशिवाय नियम जागा होत नाही, याचं आपल्या शेजारचंच उदाहरण सुरत. सप्टेंबर १९९४ मध्ये, पूर ओसरल्यावर शहरात कचरा साचलेला असताना, प्लेगची बातमी फुटली आणि लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाले. आपण ताप्ती लाइनवरचे लोक. त्या गाड्या आठवणारी माणसं आपल्या जिल्ह्यात अजून आहेत. त्यानंतर १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि दोन-अडीच वर्षांत तेच सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणलं जाऊ लागलं. कायदे आधीही होते. फरक पडला तो नियम गल्लीपर्यंत उतरल्यामुळे.

उष्णता आणि विजेचा विचार नियमांत आला तो आणखी वेगळ्या वाटेने. १९७३ ला अरब देशांनी तेल रोखलं, जगभर भाव भडकले आणि इमारती किती वीज खातात हे लोकांनी पहिल्यांदा मोजलं. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये इमारतींसाठी ऊर्जेचा कोड लागू केला. भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला. २००७ मध्ये केंद्राचा इमारतींसाठीचा पहिला ऊर्जा कोड आला, त्याच सुमारास टेरी संस्थेची "गृह" ही मानांकन पद्धत केंद्राने स्वीकारली. २०१७ मध्ये कोड सुधारला. डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी "इको निवास संहिता" आली. २०२२ मध्ये मूळ कायद्यातच दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये ऊर्जेबरोबर पाणी, कचरा, साहित्य यांचाही विचार करणारा नवा कोड आला.

या संहितेत काय आहे? नाव ऐकून घाबरू नका, गोष्टी आपल्या आजोबांना कळतील अशा आहेत. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅट. छताची उष्णता वाहून आणण्याची क्षमता १.२ च्या आत. आपण घालतो त्या उघड्या स्लॅबची ही क्षमता याच्या दुपटीपेक्षाही जास्त भरते, म्हणूनच रात्री अकरालाही स्लॅब खाली ऊब ओकत असतो. उघडणाऱ्या खिडक्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या मानाने किती हव्यात, तेही हवामानानुसार ठरवून दिलंय. थोडक्यात धाब्याच्या घराचं शहाणपण आकड्यांत मांडलंय.

मग अडलं कुठे? आता मुख्य मुद्दा.

इको निवास संहिता लागू होते ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर. म्हणजे साधारण ५,४०० चौरस फूट. आपल्याकडे नव्या कॉलनीत लोक किती मोठा प्लॉट घेतात? हजार फूट, बाराशे फूट, फार तर दीड-दोन हजार.

केंद्राचा ऊर्जा कोड लागू होतो १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणी असलेल्या इमारतीला. आपल्या घराचं मीटर दोन-चार किलोवॅटचं.

बांधकामाची पर्यावरण परवानगी लागते २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे.

आणि राज्याची नियमावली? २ डिसेंबर २०२० ला मुंबई आणि काही क्षेत्रं सोडून साऱ्या महाराष्ट्रासाठी एकच नियमावली आली, जिला सगळे युडीसीपीआर म्हणतात. त्याआधी नगर परिषदांसाठी २०१३ ची प्रमाणित नियमावली होती. युडीसीपीआरमध्ये चांगल्या गोष्टी आहेत: पावसाचं पाणी जिरवणं, सोलर, सांडपाण्याचा पुनर्वापर. पण पाणी जिरवण्याची सक्ती पुन्हा ५०० चौरस मीटरपासूनच. ग्रीन इमारतीला बक्षीस म्हणून जादा चटई क्षेत्र आहे: तीन तारे मिळाले तर ३ टक्के, चार ताऱ्यांना ५, पाच ताऱ्यांना ७. पुण्यात ७ टक्के जादा एफएसआय म्हणजे सोनं. आपल्याकडे मी पाहतो ती बहुतेक घरं मिळणारा मूळ एफएसआयसुद्धा पुरता वापरत नाहीत. त्यांना जादा देऊन काय उपयोग? भूक नाही त्याला वाढून ठेवल्यासारखं झालं.

आणखी एक गंमत. त्याच नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीची कटकट जवळजवळ काढून टाकलीय: नकाशा दाखल करा, फी भरा, पावती हीच परवानगी. सामान्य माणसाच्या दृष्टीने हा फार चांगला निर्णय आहे, त्याला माझा पाठिंबा आहे. पण परिणाम बघा. शहरातली सगळ्यात जास्त घरं ज्या गटात मोडतात, त्याच गटासाठी उष्णतेचा नियम नाही, पाण्याचा नियम नाही, आणि कुणी विचारणारही नाही. चाळणीची भोकं इतकी मोठी की आपलं अख्खं शहरच खाली सांडलं.

यात कुणाचं कारस्थान आहे असं मी म्हणत नाही. १८९८ पासून हेच होत आलंय. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोठं शहर असतं, मोठी इमारत असते. आपल्यासारख्या गावाला तोच कपडा अंगावर चढवायला देतात.

वेगळं करता येतं का? येतं. तमिळनाडूने २००३ मध्ये पावसाचं पाणी साठवणं-जिरवणं सगळ्या इमारतींना सक्तीचं केलं, जुन्या आणि नव्या, लहान आणि मोठ्या. तिथे प्लॉटच्या आकाराची सवलत नव्हती. सगळीकडे अंमल चोख झाला असं नाही, पण नियम गल्लीतल्या घरापर्यंत पोहोचला. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या उन्हानंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधल्या छतांना पांढरा चुना मारण्याची मोहीम घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणलं. सगळ्या सरकारी इमारतींना ते सक्तीचं आहे. पण घरांसाठी तिथेही मर्यादा ६०० चौरस यार्डांची, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. आपल्याच राज्यात पुणे महापालिका सोलर, पाणी जिरवणं, गांडूळ खत यांसाठी घरपट्टीत ५ ते १० टक्के सूट देते. पिंपरी-चिंचवडनेही "गृह" मानांकनासाठी घरपट्टीत सवलत दिलीय. हे बक्षीस लहान घरालाही लागू पडतं, कारण एफएसआय नको असणारा माणूस असतो, पण घरपट्टी कमी नको असणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

आता हिशेब आपल्या गावाचा. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार शहर १,११,०३७ लोकांचं होतं. शहराचं पाणी विरचक धरणाच्या भरवशावर. १०० चौरस मीटर छतावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला असं धरा, तर ७०,००० लिटर पाणी होतं. त्यातलं वीस टक्के वाया गेलं तरी ५६,००० लिटर हाती लागतं. आज ते पन्हाळीतून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गटारीत जातं. आणि मार्च उजाडला की आपण त्याच घरासमोर टँकरची वाट बघतो. कूलरसुद्धा पाण्यावरच चालतो. म्हणजे छत तापू द्यायचं, ते थंड करायला पाणी जाळायचं, आणि पाणी नाही म्हणून बोंब मारायची. ही साखळी छतावरच तोडावी लागेल.

आणि हे दुखणं सोसतं कोण? नोकरीवर जाणारा माणूस दिवसभर ऑफिसच्या एसीत किंवा दुकानाच्या पंख्याखाली असतो. भर दुपारी स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली असतात ते घरातल्या बाया, तान्ही मुलं, म्हातारी माणसं. आमच्या गल्लीत एक ताई घरी शिलाईकाम करतात. एप्रिल-मे मध्ये त्यांची मशीन दुपारी बंद असते, कारण पत्र्याखाली बसवतच नाही. लग्नसराईचा ऐन धंदा त्यांचा असाच जातो.

तेच घरकुलाचं. १९८५ ला इंदिरा आवास सुरू झाली, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास ग्रामीण आहे, २५ चौरस मीटरचं घर, मैदानी भागाला १ लाख २० हजार आणि डोंगरी भागाला १ लाख ३० हजार असं मदतीचं गणित ठरलं. आदिवासी कुटुंबांसाठी शबरी घरकुल आहे, २६९ चौरस फुटांचं. या पैशात माणूस भिंती आणि डोक्यावर काहीतरी एवढंच करू शकतो. पण घर जिथे कुठे उभं राहील तिथलं ऊन-पाऊस बघून दिशा कोणती, छज्जा किती, खिडकी कुठे, हे सांगायला जादा पैसा लागत नाही. आपल्या जिल्ह्यात शहाद्याचं ऊन आणि तोरणमाळचा पाऊस यांना एकच नमुना कसा चालेल?

लोकांचा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे: "घर बांधायलाच पैसे पुरत नाहीत, वरून हा खर्च कुठून आणू?" आक्षेप खरा आहे. म्हणून महाग गोष्टी मागूच नयेत. छताला पांढरा चुना किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं अस्तर, पश्चिमेच्या खिडकीवर खोल छज्जा, समोरासमोर खिडक्या, छताच्या पाण्याला एक पाइप आणि शोषखड्डा, अंगणात एक कडुनिंब. संपूर्ण घराच्या खर्चात हे फार मोठं ओझं नाही. दुसरा आक्षेप: "नियम वाढला की टेबलाखालचे पैसे वाढतील." हाही खरा. म्हणूनच तपासणीचा नियम नको, नकाशासोबत जोडायचा एक पानाचा सोपा तक्ता हवा, आणि काम केल्याचा फोटो दाखवला की घरपट्टीत सूट.

नगर परिषद हे करू शकते का? युडीसीपीआर राज्याची आहे, ती गावपातळीवर परस्पर बदलता येत नाही. पण १९६६ च्या अधिनियमातल्या कलम ३७ प्रमाणे फेरबदलाचा प्रस्ताव ठराव करून शासनाकडे पाठवता येतो. २०२२ च्या दुरुस्तीने राज्य सरकारलाही १०० किलोवॅटची मर्यादा खाली आणायचा अधिकार दिलाय. दार उघडं आहे, फक्त आत जाऊन मागणारा हवा. म्हणून माझ्या मागण्या पाचच:

१. पाणी जिरवण्याची मर्यादा आपल्या शहरासाठी ५०० वरून १०० चौरस मीटरवर आणावी, लहान घराला झेपेल अशा सोप्या नमुन्यासह.

२. नव्या छताला पांढरा किंवा उष्णतारोधक थर, हे परवानगीच्या नमुन्यातच छापलेलं असावं.

३. बक्षीस एफएसआयमध्ये नको, घरपट्टीत द्यावं.

४. घरकुलाचे किमान दोन नमुने असावेत, सपाटीचा आणि डोंगरातला. ते ठरवताना गावच्या गवंड्याला आणि पाड्यावरच्या जाणत्या माणसाला विचारावं.

५. सरकारने आधी स्वतः करून दाखवावं. युडीसीपीआरप्रमाणे सरकारी आणि निमसरकारी इमारतींना किमान तीन ताऱ्यांचं मानांकन बंधनकारक आहे. आपल्या जिल्ह्यात २०२० नंतर उभ्या राहिलेल्या प्रत्येक सरकारी इमारतीचं प्रमाणपत्र माहितीच्या अधिकारात मागता येतं. कुणीतरी अर्ज करा. नाहीतर मी करतोच आहे.

"आपला मागास जिल्हा, आपलं कोण ऐकणार" असं म्हणणाऱ्यांना एकच आठवण देतो. २०२१ ला मोठमोठी शहरं ऑक्सिजनसाठी तडफडत होती तेव्हा, आधीच प्लांट बसवून ठेवल्यामुळे देशभरचे पेपर नंदुरबारचं नाव घेत होते. संकट येण्याआधी तयारी केली म्हणून ते जमलं. उन्हाचं संकट तर दरवर्षी तारीख सांगून येतं.

ज्यांचं बांधकाम येत्या काही महिन्यांत सुरू होणार आहे त्यांनी नियमाची वाट बघू नका. नकाशा पास व्हायच्या आधी आपल्या इंजिनिअरला एकच प्रश्न विचारा: "माझ्या छतावर पडणाऱ्या उन्हाचं आणि पाण्याचं तुम्ही काय केलंय?" उत्तर आलं नाही, तर नकाशा परत द्या.